सरकारी खर्चाने निश्चल

२०२२ च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा आमच्या तंत्रनिकेतनाच्या स्टाफरूममध्ये सर्वांत कडक भाषण मी ठोकलं. पुढच्या जुलैत फॉक्सकॉननेच अंग काढून घेतलं, तेव्हा दुसरं ठोकलं. त्यामुळे ‘सेमीकंडक्टर निर्मितीच्या प्रशिक्षणाला एक अधिव्याख्याता पाठवा’ असं पत्र आलं, तेव्हा प्राचार्यांना फार विचार करावा लागला नाही. म्हणाले, “एवढी तळमळ दुसऱ्या कुणाला आहे?”

प्रवास, राहणं, जेवण, सगळा खर्च सरकारचा. केंद्राने या उद्योगासाठी २०२१ च्या डिसेंबरात ७६,००० कोटींची योजना मंजूर केली होती. त्यातला आपला वाटा वसूल करायचाच, या निर्धाराने मी नाश्त्यापासूनच सुरुवात केली.

माझी समजूत अशी, की चिप बनवायला डोकं लागतं. तिथे कळलं, की डोकं चालेल, अडचण बाकीच्या देहाची आहे. गप्प बसलेला माणूसही मिनिटाला साधारण लाखभर सूक्ष्म कण अंगावरून सोडतो. चालू लागला की आकडा पन्नास लाखांच्या घरात जातो. आणि ‘क्लास १००’च्या क्लीन रूममध्ये घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे फार तर शंभर कण खपवून घेतात. हे सांगताना प्रशिक्षक मॅडम माझ्या मानेकडे बघत होत्या. वय माझ्या विद्यार्थिनींएवढं, नजर माझ्या आईची. “सर, पावडर?” मी निमूट मान धुऊन आलो.

मग पोशाख. टोपी, मास्क, हूड, अंगभर झगा, बूट, हातमोजे. क्रम चुकवायचा नाही आणि झगा जमिनीला टेकवायचा नाही. माझा टेकला. दुसरा आणला. आत जाण्यापूर्वी एक आडवा बाक असतो. त्यावर बसून एका पायात बूट चढवायचा, तो पाय स्वच्छ बाजूला टाकायचा, मग दुसरा. माझा पहिला पाय स्वच्छ बाजूला पोचला आणि कमरेने असहकार पुकारला. अर्धा शुद्ध, अर्धा अशुद्ध असा मी बाकावर घोडेस्वारासारखा अडकलो. मागे रांग लागली. शेवटी दोन पोरांनी मला उचलून पलीकडे ठेवलं.

आत पिवळा उजेड. फोटोरेझिस्ट या रसायनाला निळा प्रकाश सोसत नाही. मी लगेच शेजाऱ्याला हातवारे करत याचं कारण समजावू लागलो.

“सर, हात खाली. सावकाश चाला. कमी बोला.”

वीस वर्षांहून जास्त सरकारी नोकरीत जागचं न हलण्याचा माझा लौकिक आहे. पण ते नेमकं सरकारी खर्चाने शिकवायला घेतल्यावर मला मिनिटभरही जमेना. मला बाहेर काढून काचेपलीकडे खुर्ची दिली.

समारोपाला मॅडमनी प्रमाणपत्र दिलं आणि हात जोडून म्हणाल्या, “सर, तुम्ही शिकवाच. फक्त आत येऊ नका.”

सल्ला मी पाळतो. तंत्रनिकेतनात क्लीन रूम नाही, त्यामुळे आत जायचा प्रश्नच नाही. साठ मुलांना धूलिकण-नियंत्रण मीच शिकवतो, फळ्यावर, खडूने. पहिल्या बाकावरची मुलं शिंकत शिंकत सगळं उतरवून घेतात.