धुक्यात ट्रक कसा घालावा: नवशिक्यांसाठी

नवा परवाना हातात पडलेला ड्रायव्हर आणि हप्त्यावर पहिला ट्रक उचललेला मालक, दोघांचाही एक भाबडा समज असतो की धुक्यात अपघात आपोआप होतो. तसं नसतं. धुकं पहाटे रस्त्यावर येऊन बसतं आणि ऊन चढलं की उठून जातं. यापलीकडे ते काही करत नाही. बाकीची मेहनत माणसांनाच घ्यावी लागते. तीही बऱ्याच जणांनी मिळून, आणि तिची सुरुवात होते ती लासलगाव-पिंपळगावच्या कांदा बाजारात.

आधी जागा निवडू. सरावाला आपल्याकडचे घाट चालतील, पण कसारा काय नि आंबोली काय, तिथलं धुकं जास्त करून पावसाळी, आणि वळणांमुळे माणूस मुळातच सावध असतो. खरं मैदान चंबळच्या पलीकडे आहे. धुळे, सेंधवा, इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर करत कांद्याची गाडी आग्र्याला लागते आणि तिथून दिल्लीपर्यंत रस्ता सपाट, रुंद आणि सरळ. यमुना एक्स्प्रेसवे तर १६५ किलोमीटर असा की वेग कमी करायला कुठलंच निमित्त मिळू नये.

मुहूर्त डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. उत्तरेत पश्चिमी झंझावाताचा पाऊस होऊन गेला की जमीन ओली राहते, आकाश निवळतं, वारा पडतो. रात्री जमिनीतली ऊब निघून जाते, तिला लागून असलेली हवा गार पडते आणि तिच्यातल्या ओलाव्याचे बारीक थेंब होतात. वर उबदार हवेचा थर असल्यामुळे ही गार हवा तिथेच कोंडून राहते, शेकोट्यांच्या आणि गाड्यांच्या धुरासकट. पुण्याच्या पाषाणमधली उष्णदेशीय हवामान संस्था २०१५पासून दिल्लीच्या विमानतळावर उपकरणं लावून याच धुक्याचा अभ्यास करते आहे. हवामान विभाग त्याचे अंदाज देतो. दृष्टी २०० मीटरच्या आत आली की दाट, ५० मीटरच्या आत आली की अतिदाट, अशी त्याची प्रतवारी आहे. हे अंदाज मोबाइलवर फुकट मिळतात, म्हणून ते न बघण्याची शिस्त पहिल्यापासून अंगी बाणवावी. गाडी भरताना बघायचा तो फक्त दिल्लीच्या आझादपूर बाजारातला भाव.

आता गाडी आणि भाडं ठरवणाऱ्या हुंडेकऱ्यासाठी दोन शब्द, कारण नवशिक्या ड्रायव्हरला एकट्याने हे जमणारं नाही. हिवाळ्यात निघणारा लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. तो लवकर पोचायला हवा, हे खरंच आहे. तेव्हा रस्ता कोरडा, टोलनाके मोकळे आणि ड्रायव्हर झोप न येणारा आहे असं धरून वेळ ठरवावी, ती भाडेचिठ्ठीवर लिहावी आणि उशीर झाला तर भाड्यातून किती कापणार तेही लिहावं. दुसरा ड्रायव्हर म्हणजे खर्च. त्याऐवजी क्लीनर द्यावा. त्याला गाडी येत नसली तरी गप्पा येतात. मोटार वाहतूक कामगारांनी दिवसाला आठ तास काम करावं असं कायदा म्हणतो. सामान्य ज्ञान म्हणून तो माहीत असावा.

एवढं झालं की हिशेब आपोआप असा बसतो की गाडी धुक्याच्या पट्ट्यात पहाटे तीनच्या सुमारास शिरते. त्या वेळी डोळे सर्वांत जड असतात, आणि उजाडेपर्यंत धुकं वाढतच जातं. सूर्य उगवला म्हणून लगेच हुरळून जायचं कारण नाही. उगवतीनंतर थोडा वेळ ते कधीकधी आणखी दाट होतं.

इथून पुढे गणित आहे आणि ते मन लावून करावं. दहा टायरचा ट्रक भरून साडेअठ्ठावीस टनांपर्यंत असू शकतो. २०१८मध्ये सरकारने मर्यादा वाढवल्यापासून हे कायदेशीर आहे. ताशी ८० किलोमीटरने तो एका सेकंदात २२ मीटर जातो. पुढे काहीतरी आहे हे डोळ्यांनी पाहणं, मेंदूला पटणं, पाय ब्रेकवर जाणं आणि हवा नळ्यांतून चाकापर्यंत पोचणं यात दोन सेकंद सहज जातात. म्हणजे ब्रेक धरायच्या आधीच ४४ मीटर संपले. त्यानंतर भरलेली गाडी चांगल्या रस्त्यावरही साठेक मीटर घेते. दवाने ओल्या झालेल्या काँक्रीटवर त्याहून जास्त. एकूण शंभराच्या वर. दिसतात पन्नास. उरलेले पन्नास मीटर कुठून आणायचे हा प्रश्न समोरच्या गाडीने सोडवायचा असतो.

ताशी ४० ठेवले तर हीच गाडी चाळीस मीटरच्या आत थांबते, म्हणजे दिसतं तेवढ्यातच. म्हणून ४० कटाक्षाने टाळावं. नियम मोडायची भीती वाटत असेल तर त्याचीही गरज नाही. यमुना एक्स्प्रेसवेवर अवजड गाड्यांची मर्यादा हिवाळ्यात ८०वरून ६०वर आणतात, आणि अतिदाट धुक्यात ६०लाही थांबायला सत्तरेक मीटर लागतात. पाटीवरचा आकडा इमानाने पाळूनही आपलं काम होऊ शकतं.

दिव्यांबद्दल. काही दिसेनासं झालं की अप्पर मारावा. थेंब तो सगळा उजेड परत डोळ्यांत फेकतात आणि जे थोडंफार दिसत होतं तेही पांढरं होऊन जातं. जुने ड्रायव्हर डिपरवर चालतात, हेडलाइटला पिवळा कागद लावतात, खाली बसवलेल्या फॉग लॅम्पने रस्त्याची कड धरतात. ही मंडळी वर्षानुवर्षं अपघाताविना राहिलेली आहेत, त्यांचं ऐकू नये. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवावेत. मागच्याला तुम्ही चालताय की उभे आहात हे कळत नाही, आणि तुम्ही खरोखर उभे राहाल तेव्हा दाखवायला वेगळी खूण उरत नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे पुढच्या गाडीचा लाल दिवा पकडून तिच्या मागे जाणं. पुढच्याला रस्ता दिसतोय असं धरून चालावं. तोही त्याच्या पुढच्याकडे बघूनच चाललेला असतो, आणि त्या रांगेच्या टोकाला जो आहे तो अंदाजाने.

गाडीचा मागचा भाग ही मालकाची जबाबदारी. फाळक्यावर लाल परावर्तक पट्टी लावणं नियमाने बंधनकारक आहे. ती फिटनेसच्या आदल्या दिवशी लावावी, स्वस्तातली लावावी, आणि एरवी तिच्यावर ताडपत्रीचं टोक लोंबकळत राहील असं बघावं. चिखल आहेच. टेललाइट एकच चालू असेल तर फार उत्तम. मागून येणाऱ्याला वाटतं मोटरसायकल आहे. फाळक्याखाली आडवा लोखंडी दांडा असतो. मोटार ट्रकच्या खाली घुसू नये म्हणून तो आहे. माल उतरवताना तो वाकला असेल तर तसाच राहू द्यावा. दांडा नसला की मोटारीचं बॉनेट सरळ ट्रकखाली जातं आणि पहिला धक्का काचेला, म्हणजे बसलेल्यांच्या डोक्यांना बसतो. बॉनेट चुरगळून धक्का खाणार, हवेची पिशवी फुगून माणूस वाचणार, ही मोटार कंपन्यांची सगळी कारागिरी तिथे फुकट जाते.

(ज्यांना उत्तरेत जायला सवड नाही त्यांनी निराश होऊ नये. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या कुठल्याही रस्त्यावर रात्री निघावं. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांबाहेर लोंबणारा ऊस, मागे दिवा नाही, आणि पुढे मात्र गाणी अशी की गावाला जाग यावी. धुकं नसलं तरी चालतं.)

टायर फुटला तर थांबावं ते थेट रस्त्यावर. शंभर पावलांवर पेट्रोल पंप असेल तरी रिम खराब होते. गाडीतला परावर्तक त्रिकोण काढू नये, तो नवा दिसतो. शेतातून हिरवी फांदी तोडून फाळक्याला अडकवावी आणि मागे पाच-सात दगड मांडावेत, तेही गाडीपासून दहा पावलांवर, म्हणजे येणाऱ्याला दगड आणि ट्रक एकदमच दिसतील. त्रिकोण बराच मागे ठेवला असता तर त्याला ब्रेक मारायला जागा मिळाली असती. निघताना फांदी न्यावी. दगड पुढच्यांसाठी तिथेच सोडावेत.

आधीच कोणी आदळलं असेल तर उतरून दोन गाड्यांच्या मधे उभं राहून नुकसान बघावं. कठड्यापलीकडे जाऊ नये, तिथून नीट दिसत नाही. नोव्हेंबर २०१७मध्ये यमुना एक्स्प्रेसवेवर धूर-धुक्यात एकामागून एक गाड्या आदळत गेल्या आणि ते चित्रण देशभर फिरलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना कळलं असेल की खेळ पहिल्या धडकेवर संपत नाही.

थंडी वाजते म्हणून केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन काचा बंद करून झोपणं, हा या विषयातला एकच भाग असा आहे की ज्यात रस्त्याचीही गरज लागत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. माणूस खोकत नाही, उठत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात ड्रायव्हर-क्लीनर असे सापडतात. याच्यावर थट्टा सुचत नाही, म्हणून पुढे जाऊ.

१ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. तिचा हिवाळ्यात काय उपयोग असं विचारणारे मालक भेटतात. एसी हवेतली ओल काढतो, त्यामुळे काच आतून धुरकटत नाही. डिझेल वाचवायला तो बंद ठेवावा आणि काच फडक्याने पुसत राहावं, एक हात स्टिअरिंगवर.

शेवटी कागदपत्रं. पंचनाम्यात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कारण ‘दाट धुक्यामुळे’ असंच येईल. भाडेचिठ्ठीवरची वेळ, मातीखालची पट्टी, वाकलेला दांडा, यांपैकी कशाचाही उल्लेख होणार नाही, तेव्हा मालकाने आणि हुंडेकऱ्याने निश्चिंत असावं. धुक्याचा जबाब नोंदवता येत नाही आणि त्याचा परवानाही रद्द होत नाही.

काही ड्रायव्हर मात्र कितीही शिकवलं तरी शिकत नाहीत. ग्वाल्हेर सोडताना अंदाज बघतात, पुढे अतिदाट धुकं आहे असं कळलं की ढाब्याच्या आवारात, रस्त्यापासून पार आत गाडी लावतात, चहा मागवतात आणि नऊ-दहा वाजेपर्यंत ताणून देतात. हुंडेकऱ्याचे अकरा फोन येऊन गेलेले असतात. त्यांचा कांदा अर्धा दिवस उशिरा उतरतो, भाड्यातून पैसे कापले जातात, आणि परतीच्या मालासाठी त्यांना रांगेत मागे उभं राहावं लागतं. अशांसाठी ही मार्गदर्शिका नाही.