‘4के’ छापणाऱ्यांना अनावृत पत्र

होम थिएटर रिसिव्हर बनवणाऱ्या मायबाप कंपनीस,


पत्रास कारण की, परवा घरात 4के ब्लू-रे प्लेअर आला. टीव्ही 4के, डिस्क 4के, आपल्या रिसिव्हरच्या खोक्यावर तर ‘4के’ हे अक्षर रिसिव्हरपेक्षा मोठं. सगळं जोडलं आणि पडद्यावर अवतरलं 1080पी. सर्व्हिस सेंटरातले गृहस्थ फार गोड बोलले, “सर, 4के जातं त्यातून. फक्त एचडीसीपी 2.2 नाहीये.” एचडीसीपी म्हणजे सिनेमांची नक्कल रोखणारं कुलूप. थोडक्यात, 4के चालतं, 4के सिनेमे तेवढे चालत नाहीत. हे म्हणजे बिनकुलपाच्याच दारातून जाऊ देणारा पाहुणचार झाला!

फर्मवेअरने जमेल? नाही, बोर्डच वेगळा लागतो. प्लेअर थेट टीव्हीला जोडा म्हणे. जोडला. प्लेअरला एचडीएमआय एकच, त्यामुळे आवाज टीव्हीकडून रिसिव्हरकडे एआरसीच्या बोळातून परत येतो आणि डिस्कवरचा ट्रूएचडी आवाज त्यात मावत नाही. तो मावणारा ई-एआरसी आला 2017 साली जाहीर झालेल्या एचडीएमआय 2.1 बरोबर. आमचा रिसिव्हर 2014चा.

‘तेव्हा कुणाला ठाऊक होतं?’ असं म्हणू नका. तुम्हाला ठाऊक होतं! एचडीएमआयसाठीचं एचडीसीपी 2.2 2013 मध्येच जाहीर झालं होतं. तरी तुम्ही जुनी चिप बसवली, वर नवा आकडा छापला आणि आमच्याकडून नव्याचे पैसे घेतलेत. याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात.



तसे तुम्हीही बापडेच. कुलूप इंटेलचं, धास्ती हॉलिवूडची, लायसन्स फी मात्र तुमची. जुन्या एचडीसीपीची मुख्य किल्ली 2010 मध्येच फुटली. चोरांचं काही अडलं नाही, अडलो तुम्ही आणि आम्ही. शिव्या तेवढ्या तुमच्या वाट्याला, कारण नाव तुमचं छापलेलं.

पण रिसिव्हरच्या आतला अँप्लिफायर अजून ठणठणीत आहे. एका बोर्डापायी एवढं लोखंड भंगारात का घालायचं? बोर्ड बदलता येईल असा बनवा. एनएडी या कंपनीने तशी मॉड्यूलं विकून दाखवली आहेत, तेव्हा अशक्य आहे हे सांगू नका.

आणि वाचकहो, दुकानात खोक्यावरचं ‘4के’ वाचू नका. मागच्या कुठल्या पोर्टला कितवं एचडीसीपी आहे आणि ई-एआरसी आहे का, ते बिलावर लिहून मागा.

आपला,
एक गिऱ्हाईक