दीड दिवसाची दिल्ली

चार लोक दिल्ली बघायला जातात, नाना तपासणीला जातात. कोषागारातून निवृत्त झालेला माणूस. हाताशी दीड दिवस, खिशात वही, आणि वहीत दिल्लीत आपलं कुठे काय राहिलंय याची यादी. आपलं म्हणजे मराठ्यांचं.

त्यामुळे कुतुबमिनार दहा मिनिटांत उरकतो. 73 मीटर उंच? असेल. "आपला संबंध नाही." हुमायूनच्या कबरीपाशी काकू रेंगाळतात, "अहो, किती गार वाटतंय इथं," असं म्हणून वळून बघतात, तर नाना रिक्षात जाऊन बसलेले.

तालकटोऱ्याला मात्र नाना खुलतात. 1737 साली बाजीराव दिल्लीवर चालून आले, तेव्हा इथं तळ पडला होता. आज तिथे बाग आहे, स्टेडियम आहे आणि बाकांवर जोडपी आहेत. त्यांतल्या एकाला नाना गाठतात. "हमारे बाजीराव इधरच उतरे थे!" "जी अंकल, फिल्म देखी है," मुलगी म्हणते आणि फसते. पुढचा अर्धा तास सिनेमातल्या चुकांचा. (तारखांत नाना कधी चुकत नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. ऐकणाऱ्याचा छळ होतो तो त्यामुळेच.)

मग नॉएडाचा गोल्फ कोर्स. 1803 साली लॉर्ड लेकनं शिंद्यांच्या फौजेला हरवलं, त्या लढाईचा इंग्रजांनी उभारलेला स्तंभ तिथे आहे. "गोल्फ कोर्स चलो," म्हटल्यावर रिक्षावाला आधी नानांच्या चपलांकडे बघतो, मग काकूंच्या हातातल्या दशम्यांच्या पिशवीकडे.

खरी कसोटी लाल किल्ल्यात. महादजींनी 1772 मध्ये शाह आलमला पुन्हा दिल्लीच्या गादीवर कसं बसवलं, हे सांगत नाना दिवाण-ए-खासपर्यंत येतात. भोवती सात-आठ श्रोते जमलेले. तेवढ्यात शेजारचा गाईड आपल्या गिऱ्हाइकांना वर बोट दाखवतो: इथं चांदीचं छत होतं, 1760 मध्ये मराठ्यांनी उतरवून वितळवलं.

सगळे नानांकडे बघतात.

नाना छताकडे बघतात, वही उघडतात, मिटतात. मग त्यांच्यातला कोषागारवाला जागा होतो. "भाऊसाहेबांकडे पैसा नव्हता. माणसांना पगार नाही, घोड्यांना चारा नाही. ती लूट नव्हे हो, तसलमात होती! पानिपत जिंकलं असतं तर परत केली असती."

"चाळीस वर्षांत तुम्ही कुणाची तसलमात बुडू दिली नाहीत," काकू म्हणतात, "ही तेवढी राहिली."

यानंतर चांदणी चौकात पराठे खाईपर्यंत नाना बोलत नाहीत. पण पराठे संपतात.

तुमच्याही घरात असे नाना असतील आणि दिल्लीचं निघत असेल, तर तिकिटं सोमवार गाठून काढा. सोमवारी लाल किल्ला बंद असतो.