श्रीमती ब्रायोप्सिस यांस अनावृत पत्र

श्रीमती ब्रायोप्सिस,
मुक्काम खडकाची मागची कपार, दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय, क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया



पत्रास कारण की, ज्या मराठी कुटुंबाने केवळ प्रवाळांसाठी काचपेटी मांडली, समुद्री मीठ मोजून घातले आणि महागडे निळे दिवे टांगले, त्याच्या पदरी आपली पिसांसारखी गर्द हिरवी शेवाळी संतती आली असून, या भरभराटीचे श्रेय नेमके कोणाचे, याचा जाहीर खुलासा होणे आवश्यक झाले आहे.

प्रथम आपल्या शरीररचनेस वंदन. आपला देह म्हणजे अनेक केंद्रके असलेली, आत कोठेही आडभिंत नसलेली एकच पेशी होय. ती फाटून आतले जीवद्रव्य पाण्यात सांडले, तरी त्याचे गोळे पुन्हा एकवटतात, भोवती नवे आवरण धरतात आणि त्यांतून नवे रोप उभे राहते, हे प्रयोगांती सिद्ध झालेले आहे. सबब, रविवारी जुन्या टूथब्रशने खडक घासणारे गृहस्थ ज्याला साफसफाई म्हणतात, ती वस्तुतः पेरणी असते.

आपला आहार साधा, म्हणजे नायट्रेट व फॉस्फेट, शेतकऱ्याच्या भाषेत नत्र आणि स्फुरद. गोठवलेल्या कोळंबीची वडी वितळल्यावर सुटणारे पाणी निथळून न टाकता वडीसकट टाकीत ओतले जाते. शिवाय पुण्याहून आलेल्या आजींना मासे सदैव उपाशी दिसतात. सांता क्लारा खोऱ्यात शुद्ध केलेल्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन व अमोनियाचे संयुग, असते. टाकीत भरण्यापूर्वी ते पाणी गाळताना गाळणीतील कोळसा हे संयुग फोडतो, पण सुटलेला अमोनिया धरून ठेवणारे रेझिन रंग पालटून संपले तरी बदलले जात नाही आणि तो टाकीतील जीवाणूंच्या हातून नायट्रेट होऊन आपल्या पानात पडतो. यजमानांनी इतके वाढल्यावर पाहुण्यास चिवट म्हणणे शिष्टाचारास धरून नाही.

फ्लुकोनाझोल हे बुरशीवरील औषध आपणास पुष्कळदा मानवत नाही, असा छांदिष्टांचा अनुभव आहे. परंतु टाकीचे पाणी गाळणारा कोळसा तसाच राहिल्यास तो औषध शोषून घेतो, आणि आपण कुजल्यावर सारे नत्र-स्फुरद पाण्यात परत येते, जे पाणी न बदलल्यास आपल्या वारसांच्या कामी येते. उलट, त्वेषाने दोन्ही क्षार शून्यावर आणणाऱ्याच्या वाट्याला बहुधा तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट येतात, ज्यांच्यापुढे आपण सोज्वळ ठराव्यात.

आपल्याच गणातील कॉलर्पाचा दाखला येथे अस्थानी नाही. २००० साली कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅडच्या खाजणात कॉलर्पा टॅक्सिफोलिया सापडली, तेव्हा तिच्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडण्यात आले, आणि २००६ मध्ये निर्मूलन जाहीर होईपर्यंत सुमारे ७० लाख डॉलर खर्ची पडले. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाने कॉलर्पाच्या नऊ जाती बाळगण्यास बंदी केली, ती पुढे संपूर्ण प्रजातीवर आली. म्हणून कायदाभीरू कुटुंब टाकीखालच्या जोडटाकीत (संपात) कॉलर्पाऐवजी केटोमॉर्फा नावाचे तारेच्या गुंत्यासारखे शेवाळ रात्रभर दिव्याखाली वाढवते, जेणेकरून आपला घास त्याने आधी गिळावा. शेवाळ नको म्हणून शेवाळ पोसण्याचा हा उद्योग शेजाऱ्यांना समजावून सांगणे मात्र जिकिरीचे जाते.

यापुढे खडक टाकीबाहेर काढूनच आपणास मुळासकट उपटले जाईल आणि वाळवून कचऱ्यात टाकले जाईल. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात आपली पाठवणी होणार नाही, कारण ते पाणी प्रक्रियेविना ओढ्यांतून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जाते. आजींसाठी आठवड्याच्या खाद्याच्या पुड्या बांधून ठेवल्या आहेत.

कळावे. लोभ आहेच, तो कमी व्हावा, ही विनंती.