अर्थ लागत नाही

सकाळी सातच्या सुमाराला आमच्या कॉलनीत एक आवाज होतो : ख्यँव… ख्यँव… ख्यँ… आणि मग शांतता. त्या शांततेत स्वयंपाकघरातले गॅस बारीक होतात, पेपरचं पान उलटायचं थांबतं आणि शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी चौथीतली पोरं आपसांत निदान करतात. "बॅटरी उतरली." "छे, हवा धरली असणार." एवढ्यात बॉनेट उघडल्याचा कर्रकन आवाज येतो. जीपकाका कामाला लागलेले असतात आणि आमचा दिवस रीतसर सुरू झालेला असतो.

जीपकाका आमच्याकडे एकच असले, तरी ही जात मोठी आहे. प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत एखादा असतोच. ओळखायच्या खुणा सोप्या. नखांतलं काळं मुलीच्या लग्नातही निघालेलं नसतं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो. सपाट जागा मोकळी असली तरी गाडी उतारावरच लावलेली असते, कारण उतार ही यांची दुसरी बॅटरी. आणि कोणी नव्या गाडीचे पेढे घेऊन आलं, की ते पेढा तोंडात टाकून विचारतात, "बंद पडली तर काय करणार?" समोरचा म्हणतो, "कंपनीला फोन." यावर काका नुसते "हं" म्हणतात. त्या 'हं'मध्ये पेढा कडू करण्याची ताकद असते.

काकांची जीप १९८९ची, एमएम ५४०. आत प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, ज्याला गॅरेजमध्ये सगळे लाडानं 'डीपी' म्हणतात. हिची वंशावळ ऐकायला बसलात तर चहा दोनदा होतो. अमेरिकेनं महायुद्धासाठी विलीज जीप केली, युद्ध संपल्यावर ती महिंद्रांनी माझगावला जुळवायला घेतली, तीच पुढे शेतावर, जंगलखात्यात, लष्करात आणि शेवटी आमच्या पार्किंगमध्ये येऊन स्थिरावली, असा तो ओघ असतो. पंधरा वर्षं उलटून गेल्यामुळे दर पाच वर्षांनी तिची पुन्हा नोंदणी होते, वर हरित कर. "म्हाताऱ्या माणसांना सवलत आणि म्हाताऱ्या गाडीला कर, कसला न्याय हा?" असं काका विचारतात. काकूंनी एकदा शांतपणे सांगितलं, "म्हातारी माणसं एवढा धूर सोडत नाहीत."

धूर हा काकांच्या मते गाडीचा जबाब असतो. सेल्फ फिरतोय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हीटर प्लग बघा. काळा धूर, म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त. एअर क्लीनर उघडा. "डिझेल इंजिनाला काय लागतं? हवा, डिझेल आणि दाब. करंट फक्त उठवायला. एकदा उठलं की त्याला विजेची पर्वा नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा होतो, की पर्वा नसलेला तो जीव म्हणजे आपणच असं त्यांना वाटत असावं.

त्यांचं एक सूत्र मात्र वीज असो वा नसो, सगळीकडे चालतं. "आधी अर्थ बघावा." गाडीत बॅटरीची एक तार जाते चासीला, चासीतून इंजिनाला, आणि सगळा करंट याच वाटेनं घरी परततो. या परतीच्या वाटेला गॅरेजवाले अर्थ म्हणतात. अर्थ गेला की दिवे मंद होतात, काटे खोटं बोलतात आणि माणूस नवी बॅटरी, नवा सेल्फ, नवा डायनामो घेऊन कंगाल होतो. "शंभरातल्या नव्वद भानगडी अर्थाच्या असतात," हे वाक्य काका गाडीबद्दल बोलतात की संसाराबद्दल, हे कळायला पुढचं वाक्य ऐकावं लागतं.

मागच्या जुलैत काकूंच्या भाच्याच्या मुलीचं बारसं होतं, माणगावला. बाळाची सख्खी आत्या कॅनडात, त्यामुळे कानात नाव सांगण्याचा मान आत्याआजीचा, म्हणजे काकूंचा. मुहूर्त अकराचा. ताम्हिणीतून शंभरेक किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघालो. मला आपुलकीनं बरोबर घेतलं असं मी पिरंगुटपर्यंत समजत होतो. पिरंगुटला काका म्हणाले, "धक्क्याला एक तरुण माणूस असलेला बरा."

मुळशीच्या पुढे चढ लागला आणि गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. पाऊस मी म्हणत होता. दोन आचके, एक उसासा, आणि जीप रस्त्याकडेला उभी. काकूंनी पर्समधून जपमाळ काढली. काकांचा चेहरा मात्र उजळला. पाहुण्यांच्या घरी कंटाळलेल्या माणसाला ओळखीचं कोणी भेटावं, तसा.

पहिला मोटारसायकलवाला थांबला. "काका, डिझेल आहे ना?"

हा प्रश्न म्हणजे काकांच्या घराण्यावर चिखलफेक. डॅशबोर्डवरचा डिझेलचा काटा अर्ध्यावर होता, पण काकांनी त्या काट्यावर केव्हाच विश्वास ठेवायचं सोडलंय. डावा सिग्नल दिला की तो दिव्याच्या तालावर फुगडी घालतो. "स्वभाव आहे तिचा," काका म्हणतात. म्हणून त्यांच्याकडे वेताची काठी आहे, चार खुणा केलेली. ती टाकीत बुडवून, वर काढून, त्यांनी मोटारसायकलवाल्याच्या नाकासमोर धरली. दोन खुणा ओल्या. तो बिचारा वास घेऊन निघून गेला.

मग सुरू झाला खरा सोहळा. मागून पाच लिटरचा कॅन निघाला, पारदर्शक नळी निघाली. कॅन वर काचेच्या चौकटीला टांगला, नळी फीड पंपाला जोडली. "सलाईन," काकांनी मला सांगितलं. "पेशंट सलाईनवर जगला, तर रोग पोटात. म्हणजे टाकी ते पंप या टापूत. सलाईनवरही मेला, तर रोग पुढे." पेशंट सलाईनवर टुणटुणीत झाला. काकांनी छत्री माझ्या हातात दिली आणि स्वतः चिखलात आडवे झाले. पाच मिनिटांनी खालून आवाज आला, "सापडलं!" टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपाला क्लिपपाशी केसाएवढी चीर होती. "डिझेल एक थेंब गळत नाही बघ. कारण पंप ओढतोय. डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत शिरते. चोर आत येतो, पण घरातलं काही बाहेर दिसत नाही." दोष कोणाचाच नव्हता, रबर पस्तीस वर्षं जगलं हेच पुष्कळ.

दोन बोटं पाइप कापून क्लिप पुन्हा आवळली. आता हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू काकांनी दोन आटे सैल केला आणि मला हाताच्या पंपावर बसवलं. मी दाबतोय, दाबतोय. स्क्रूभोवती आधी काहीच नाही. मग थुंकी उडाल्यासारखा फेस. मग साबणाचे असावेत तसे बुडबुडे, मोठे, मग बारीक. काका डोळे मिचकावून, नाक त्या स्क्रूला लावून बघत होते. "अजून आहे… अजून एक… तो बघ, शेवटचा!" आणि एकदम पिवळसर, एकसंध धार माझ्या मनगटावर. स्क्रू बंद. मला उगीचच कृतकृत्य वाटलं. माझा शर्ट त्या दिवसापासून काकांच्या ताब्यात आहे, पुसायला.

काका ऐटीत आत बसले, किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक.

एवढ्यात माणगावहून फोन. काकू म्हणाल्या, "निघालोय. नाही, पोचायला… पोचतोच." बॅटरीला मीटर लावला : १२.६ व्होल्ट, ठणठणीत. टर्मिनल काढून घासले. टक. सेल्फवर हातोडीचा मागच्या बाजूनं हलका ठोका दिला. टक. काका पावसाकडे बघून म्हणाले, "सेल्फ गेला." माझ्या डोळ्यांसमोर धक्का, चढ आणि चिखल या क्रमानं आले.

"अजून एकदा फिरवा बरं," काकू म्हणाल्या. काकांनी फिरवली. टक. काकूंनी हात डॅशबोर्डवर ठेवला होता. तिथे इंजिन बंद करायची ओढायची मूठ असते, तिची तार थेट पंपापर्यंत जाते.

"अहो, ही मूठ तापलीय."

काकांनी मूठ धरली आणि हात झटकला. नंतर ते जे काही गप्प बसले, तसे मी त्यांना आजवर पाहिलेले नाहीत. मग हळूच माझ्याकडे वळून, धड्यातला कठीण भाग सांगावा तसं म्हणाले, "इंजिन रबरावर बसलेलं असतं. चासीशी त्याचं नातं एका पट्टीचं. ती पट्टी गेली, की सेल्फचा सगळा करंट परत जायला वाट शोधतो. मग सापडेल त्या तारेतून जातो. घरातल्या कर्त्या माणसानं अंग काढलं की ओझं पोराटोरांवर येतं, तसं. बारीक तार, दोनशे अँपिअर. तापणार नाही तर काय."

मीटरची एक टोकणी बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाला. "मार सेल्फ." अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं होतं, काटा सहाच्या पुढे गेला. काका खाली शिरले. बारा-तेराच्या पान्यानं अर्थच्या पट्टीचा नट सोडवला. पट्टी तांब्याची, चकचकीत, शाबूत. पण ती जिथे चासीला टेकते, तिथे हिरव्या ऑइलपेंटचा जाड, गुळगुळीत थर होता आणि बोल्टाच्या आट्यांना गंज चढला होता. आजवर करंट कसाबसा आट्यांतून जात होता. पावसानं तीही वाट बंद केली होती.

"आता हा रंग पट्टीखाली कुठल्या गाढवानं—" काका गाडीखालून गरजले आणि मध्येच थांबले.

"दसऱ्याला," काकू म्हणाल्या. जपमाळ चालूच होती. "दोन हात दिलेत. मी म्हटलं होतं, पट्ट्या सोडवून रंगवा. तुम्ही म्हणालात, कोण बघतंय तिथे."

गाडीखालून काही उत्तर आलं नाही. नुसता पॉलिश पेपरचा खर्र खर्र आवाज आला, नेहमीपेक्षा जरा जोरात. बिघाडाचा शोध काका दुनियेच्या टोकापासून सुरू करतात. आपल्या हातापर्यंत ते सगळ्यांत शेवटी पोचतात. या बाबतीत त्यांना हसण्याचा अधिकार कोणाला आहे, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

चासीचं लोखंड पांढरं दिसल्यावर पट्टी आवळली. किल्ली फिरली आणि डीपी पहिल्या झटक्यात उठलं. आम्ही अडीच वाजता माणगावात पोचलो. पंगती उठल्या होत्या, पाळण्याची फुलं मलूल झाली होती आणि साडेतीन तास बिननावाचं राहिलेलं बाळ कंटाळून झोपलं होतं. काकूंनी डिझेलचा वास येणाऱ्या पदरानंच त्याच्या कानाशी वाकून नाव सांगितलं. बाळानं झोपेतच नाक आक्रसलं. काका मांडवाबाहेर उभे होते, उतारावर.

त्यानंतर पंधरा दिवस जीप एका आवाजात सुरू होत होती. दिवे लखलखीत. डाव्या सिग्नलला डिझेलचा काटा ढिम्म हलेना. तो काठीशी पडताळला तर चक्क खरं सांगत होता. कॉलनीत सगळे खूश, रिक्षावाली पोरं तेवढी नाराज. काका मात्र खंगत चालले. संध्याकाळी कठड्यावर बसून राहायचे. काकूंनी मला बोलावून सांगितलं, "भूकच नाही रे त्यांना."

काल रविवारी सकाळी त्यांनी मला खाली हाक मारली. जीप सुरू होती, बॉनेट उघडं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते उभे होते. डोळ्यांत पुन्हा ती चमक.

"ऐक," स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात देत ते म्हणाले. "काही वेगळं येतंय का ऐकू?"

मी कान लावला. टक टक टक टक, घड्याळासारखं निरोगी इंजिन. तेच सांगणार होतो. पण काका इतक्या आशेनं बघत होते, म्हणून पुन्हा नीट ऐकलं.

"तिसऱ्या सिलेंडरला… किंचित?" मी म्हणालो.

काकांनी घट्ट माझा खांदा धरला आणि वर गॅलरीकडे बघून ओरडले, "अगं, दोघांचा चहा टाक!"

आणि देवाशपथ सांगतो, मला ते खरंच ऐकू आलं होतं.