साहेब आले की चकचकीत

रा. रा. हॉटेलमालक यांस,


मंगळवारी तुमच्याकडे शिरलो आणि दुसऱ्याच हॉटेलात आलो की काय, असं वाटलं. वेटरांच्या डोक्यावर टोप्या, हातात मोजे, कचऱ्याच्या डब्याला चक्क झाकण! भज्यांखाली कोरा कागद. (वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१९पासून बंदी आहे, तुमच्याकडे ती मंगळवारी पोचली.) चौकशी केली तेव्हा कळलं, अन्न व औषध प्रशासनाचे साहेब यायचे होते. बुधवारी सगळं पूर्ववत.

आजवर मी तुम्हाला उगाच अडाणी समजत होतो. तुम्हाला सगळं येतं. पाहुण्यांसाठी राखलेल्या चादरीसारखी तुम्ही स्वच्छता घडी घालून ट्रंकेत ठेवली आहे. आम्ही काय, रोज पैसे मोजणारे, म्हणजे घरचेच!

तुमच्या फडक्याचा मात्र वेगळा सत्कार व्हायला हवा. त्याचा मूळ रंग कोणता, यावर आमच्या टेबलावर अजून एकमत नाही. वेटर त्याने आधी सांडलेलं सांबार टिपतो, मग बाकडं पुसतो, मग ओल्या ताटल्या कोरड्या करतो आणि शेवटी कपाळाचा घाम. ते खांद्यावर टाकून आपुलकीने विचारतो, "काय आणू?" अहो, निम्मं तर त्याने आधीच आणलेलं असतं.

तुमच्या कढईतलं तेल घराण्याचं दिसतं. पुनःपुन्हा तापवून त्यातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते टाकून द्यावं, असा २०१८पासून नियम आहे. तुम्ही जुन्यातच नवं ओतता, म्हणजे वंश खुंटत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात दुपारी फ्राइड राइस होतो. "कडक परतला की सगळं मरतं," असं तुम्ही मला छातीठोकपणे सांगितलंत. जंतू मरतील हो. पण बॅसिलस सीरियस नावाचा जंतू अशा भातात उलटीचं जे विष सोडून जातो, ते उकळूनही जात नाही.

परवाना गल्ल्यामागे गणपतीशेजारी टांगलाय. चौदा आकड्यांपैकी शेवटचे उदबत्तीच्या धुरात विलीन झालेत. हाच क्रमांक २०२२पासून बिलावरही छापायचा असतो, पण तुमचं बिल वेटर गल्ल्याकडे ओरडूनच सांगतो.

साहेब तरी रोज कुठून येणार? एकट्याच्या मागे अख्खा तालुका. शिवाय सुधारणेची नोटीस बजावली, तरी किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. तोवर फडकं आहेच.

म्हणून मी २००६चा अन्न सुरक्षा कायदा चाळला. त्याच्या ४०व्या कलमाप्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. वड्याचे पैसे गेले ते गेलेच. अट एवढीच, की तपासणीला नेतोय हे घेतानाच दुकानदाराला सांगायचं. तेव्हा येत्या गुरुवारी गल्ल्यासमोर उभा राहून मोठ्याने सांगेन आणि दोन वडे, वाटीभर ओली चटणी बांधून घेईन. कायद्याने आगाऊ पत्राची गरज नाही. तरी पाठवतोय, कारण बुधवारी रात्री तुम्ही मोरी घासून घ्याल. गुरुवारी मी जेवायलाही थांबणार आहे.

आपलं नेहमीचं गिऱ्हाईक