गुरूची बदली
सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा सुमारे 11.86 वर्षांत पुरी करणारा, आणि ज्याच्या पोटात 1,300 पृथ्व्या सहज सामावतील असा महाकाय गुरू ग्रह सिंह राशीत प्रविष्ट होणार, अशी वर्दी आली म्हणजे तिचा पहिला परिणाम गोदाकाठच्या रस्त्यांवर व गटारांवर होतो, हे खगोलशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नमूद नसलेले सत्य नाशिककरास उपजतच ठाऊक असते. परवा आमच्या गल्लीतील खड्ड्याच्या काठी, कानावर पेन्सिल खोचून बसलेल्या मुकादमास "हा कधी बुजायचा?" असे विचारता त्याने शांतपणे आकाशाकडे बोट दाखवून "सिंहस्थ येऊ द्या की, साहेब," असा निर्वाळा दिला. कोपर्निकसने विश्वाच्या केंद्रातून हलविलेली पृथ्वी पुनश्च रामकुंडाशी आणून बसविणारा हा सिद्धांत मला तरी बिनतोड वाटला. मात्र गुरूची बारा वर्षे पुरती भरत नाहीत. दर फेरीस तो सुमारे पन्नास दिवस आधीच रुजू होतो, आणि म्हणून सात फेऱ्या 84 ऐवजी 83 वर्षांतच उरकतात. मुदतीपूर्वी हजर होणारा साऱ्या दप्तरात तो एकटाच. खड्डा अद्याप तसाच आहे. रात्री आमच्याकडे येणाऱ्यांनी कंदील आणावा.